गुडघ्याची पारख

सुई गुडघ्याच्या वाटीखालून आत जात होती आणि दुर्वेश मेश्राम बहिणीचा मेसेज मोठ्याने वाचून दाखवत होता.

"'दादा, आज पहिल्यांदा खऱ्या पेशंटचं बीपी घेतलं. त्याचं नॉर्मल होतं, माझंच वाढलं होतं.' ऐकून राहिल्या का ताई?"

"ऐकून राहिले. तू हलू नको."

डॉ. कुमुद लांजेवारने सिरिंजचा दट्ट्या सावकाश दाबला. दीड मिली. पाण्यासारखं दिसणारं ते औषध बावीस वर्षांच्या, काडीचाही दोष नसलेल्या डाव्या गुडघ्यात उतरलं. जगभरचे खेळाचे डॉक्टर गुडघे बरे करतात. नागपूरच्या 'वैदर्भ वाघ' या बास्केटबॉल संघाची डॉक्टर मात्र गेली तीन वर्षं दर जूनमध्ये एक चांगला गुडघा बिघडवत होती, आणि दर दिवाळीला मालकांच्या घरून तिला न चुकता काजूकतलीचा डबा येत होता.

"झालं?" दुर्वेशने विचारलं.

"झालं. संध्याकाळपासून जड वाटेल. परवा पारख आहे. तोवर उड्या मारायच्या नाहीत."

"मारल्या तरी उडणार थोडंच आहे," असं म्हणून तो हसला. त्याला हसू कसं येतं हेच कुमुदला कळत नसे. तेरा वर्षांचा असताना तो बल्लारपूरहून नागपूरच्या वसतिगृहात आला, तेव्हापासून ती त्याला ओळखत होती. तेव्हा ती स्वतः विद्यापीठाकडून खेळायची आणि सकाळी मैदानावर मुलांना शिकवायची. उडी घेताना डावा पाय कसा रोवायचा हे त्याला तिनेच शिकवलं होतं.

हा उफराटा धंदा कशासाठी, हे कळायला वाघ ज्या महालीगमध्ये खेळत तिच्या मालकांचा स्वभाव माहीत हवा. लीगमध्ये आठ संघ, आठ मालक. श्रीमंत मालकाने सगळे चांगले खेळाडू उचलून नेऊ नयेत म्हणून आठही जणांनी मिळून नियम केला, की प्रत्येक संघाचा पगारावरचा एकूण खर्च एका मर्यादेत राहील. नियम त्यांनीच केला आणि पहिल्याच हंगामापासून तो मोडलाही त्यांनीच. कागदावर खेळाडूचा पगार किरकोळ असायचा आणि त्याच्या मेव्हण्याला अचानक पेट्रोलपंप मिळायचा. कुणाच्या आईच्या शिवणक्लासला चार हजार गणवेशांची ऑर्डर यायची. कुणाचे सासरे, ज्यांना मोबाइलसुद्धा धड लावता येत नसे, ते मालकाच्या कंपनीत तंत्रज्ञान सल्लागार व्हायचे. कुंपणच शेत खात होतं, आणि प्रत्येक मालक शेजारच्या कुंपणाकडे बोट दाखवत होता.

शेवटी पुण्याचे एक शास्त्रज्ञ, डॉ. निरंजन आठल्ये, यांनी तोडगा काढला. त्यांचं म्हणणं असं, की चोरवाटा मोजत बसू नका, त्या संपायच्या नाहीत. त्यापेक्षा खेळाडूचं खरं मोलच ठरवा आणि त्याखाली कोणालाही करार करू देऊ नका. त्यासाठी त्यांनी यंत्र बनवलं. त्याचं नाव पारख.

पारख दिसायला साधीच होती. एक लोखंडी पाट आणि गुडघ्याला गुंडाळायची एक पट्टी. खेळाडू पाटावर चाळीस उड्या मारतो. पाट पायाचा जोर मोजतो आणि पट्टी कानाला ऐकू न येणारा आवाज गुडघ्यातून आरपार सोडते. आपल्या गुडघ्यात दोन हाडांच्या मध्ये कूर्चेची गादी असते. तिला रक्तपुरवठा नाही, ती जगते पाण्यावर. तिच्यातले साखरेचे लांब रेणू पाणी धरून ठेवतात, म्हणून दर उडीला ती दबते आणि पुन्हा फुगते. पाणी किती धरलंय यावर आवाजाचा वेग बदलतो. त्यावरून हा गुडघा अजून किती हंगाम, किती उंच उडेल हे पारख शंभरपैकी गुणांत सांगते. त्या गुणांवर खेळाडूचा किमान पगार ठरतो. सामन्यातला खेळ आठल्यांनी मुद्दामच धरला नाही. मालकाच्या सांगण्यावरून खेळाडू वाईट खेळेल, पण कूर्चा खोटं बोलणार नाही, असं ते म्हणत.

आठल्ये मोठे शास्त्रज्ञ होते, पण त्यांनी मटण कधी शिजवलं नसावं. निबर मटण लवकर शिजावं म्हणून आपल्याकडे कच्च्या पपईचा तुकडा टाकतात. पपईच्या चिकात एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, ते मांसाची वीण सैल करतं. फार पूर्वी एका प्रयोगात हेच विकर सशांना टोचलं होतं. सशांचे ताठ कान लुळे पडले, कारण कानातली कूर्चा ढिली झाली. काही दिवसांनी ते आपोआप पुन्हा उभे राहिले. कूर्चेतल्या पेशींनी तुटलेले रेणू नव्याने विणले होते.

हा प्रयोग कोणत्या संघाच्या डॉक्टरने प्रथम वाचला ते कोणालाच माहीत नाही. पण पारख सुरू झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी लीगमधले अर्धे नामांकित गुडघे जूनमध्ये म्हाताऱ्यांचे निघाले, आणि जुलैअखेर पुन्हा तरुण झाले. मालकांत त्याला शब्दसुद्धा रूढ झाला. "यंदा कोणाला पपई?" असं ते विचारत. आठल्यांनी तीन पत्रं लिहिली. चौथं लिहिण्याआधी लीगने शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार केला.

पपईशिवाय दुर्वेशचे गुण अठ्ठ्याऐंशी होते. पपई घातल्यावर पहिल्या वर्षी सेहेचाळीस आले, दुसऱ्या वर्षी पंचेचाळीस, आणि यंदा, त्या सुईनंतर दोन दिवसांनी, त्रेचाळीस. म्हणून वाघांचे मालक बापूसाहेब देशकर यांना तो अर्ध्या पगारात ठेवता येई आणि वाचलेल्या मर्यादेत आणखी दोन चांगले खेळाडू बसत. उरलेली भरपाई बापूसाहेब दुसरीकडून करत. त्यांच्या ट्रस्टच्या मेडिकल कॉलेजात दुर्वेशची बहीण ऋजुता शिकत होती. दुर्वेश संघात असेपर्यंत तिची जागा पक्की, असं तोंडी ठरलं होतं. बल्लारपूरच्या पेपरमिलमधल्या कामगाराची मुलगी डॉक्टर होणार होती. दुर्वेशच्या हसण्याचं कारण हे होतं.

पहिल्या वर्षी गुडघा एकोणीस दिवसांत उठला. दुसऱ्या वर्षी पस्तीस लागले. यंदा नव्वद दिवस होऊन गेले तरी तो उठला नव्हता.

संघाकडे साधं सोनोग्राफी यंत्र होतं. त्यात गादीची जाडी दिसते, आतला कापूस किती उरलाय ते दिसत नाही. ते फक्त पारखेला दिसतं, आणि पारख लीगच्या कुलपात असते, वर्षातून एकच आठवडा बाहेर येते. त्यामुळे कुमुदला आपल्या डोळ्यांवरच भिस्त ठेवावी लागे.

ऑक्टोबरातल्या एका सामन्यात तिला ते दिसलं. दुर्वेश उसळला, चेंडू अलगद जाळीत टाकला, खाली आला आणि डावा पाय टेकताच भार उजव्यावर टाकला. निमिषभराचा खेळ. स्टेडियममधल्या सात हजार माणसांनी टाळ्या वाजवल्या. कुमुद त्याच्या डाव्या पायाकडेच बघत राहिली. मध्यंतरात तिने त्याला बाजूला घेतलं आणि गुडघ्याच्या आतल्या कडेला अंगठा दाबला.

"दुखतं?"

"नाही ना."

"दुर्वेश."

"नाही दुखत ताई. खरंच."

खेळाडूचं 'नाही दुखत' काय असतं ते तिला पुरतं माहीत होतं. ती स्वतः चार वर्षं घोट्यावर तेच म्हणत खेळली होती. त्या सामन्यात दुर्वेशने चोवीस गुण केले. बापूसाहेब मैदानात येऊन त्याच्या गळ्यात पडले, डोळे पुसले, आणि सगळ्या संघाला तर्री-पोहे खायला घेऊन गेले. कुमुद घरी गेली. तिने निश्चय केला, की आता चौथी सुई टोचायची नाही आणि कोणालाही टोचू द्यायची नाही.

लीगमध्ये एक चांगली प्रथा होती. डिसेंबरात मालकांची वार्षिक बैठक भरे, आणि तिचा पहिला तास 'हरकतीचा तास' म्हणून राखलेला असे. कोणत्याही संघातल्या कोणीही उठावं आणि मालकांसमोर दहा मिनिटं बोलावं. सात वर्षांत या तासात चेंडूंचा दर्जा, हॉटेलातली थंड पोळी आणि प्रवासातली स्वच्छतागृहं यांवर हरकती आल्या होत्या.

कुमुदने पुण्याचं तिकीट काढलं. तिचा हिशोब सरळ होता. बापूसाहेब लबाडी करतात, म्हणजे बाकीचे सात मालक फसवले जातात. ते पेटून उठतील. पपईवर बंदी येईल. मैदानावर आयुष्य काढलेलं माणूसच अशी चूक करू शकतं. मैदानात समोरच्याने धक्का मारला की आपण हात वर करतो, पंचाला सांगतो. प्रतिस्पर्धी म्हणजे प्रतिस्पर्धी. मालकसुद्धा एकमेकांविरुद्ध खेळतात, असं तिला मनापासून वाटत होतं.

ती उभी राहिली तेव्हा बटाटेवड्यांच्या बशा फिरत होत्या. अध्यक्षस्थानी कोल्हापूरच्या संघाचे मालक सयाजीराव इंगवले होते. त्यांच्या शेजारी पुण्याच्या मालकीण मैथिली दांडेकर. बापूसाहेबांनी तिला पाहून आपुलकीने हात हलवला.

कुमुदने काहीच झाकलं नाही. विकराचं नाव सांगितलं, तारखा सांगितल्या, गुडघा उठायला लागलेले दिवस सांगितले. "हे मी केलं आहे, माझ्या हाताने, तीन वेळा," ती म्हणाली. "पेशी दर वेळी नव्याने विणतात, पण त्यांनाही थकवा येतो. चौथ्या वेळी तो गुडघा उठणार नाही, अशी मला भीती आहे. मला काय शिक्षा द्यायची ती द्या. पण हे बंद करा."

वडा चावण्याचे आवाज थांबले. तिला वाटलं, आता यांचा राग फुटणार.

"किती?" मैथिलीबाईंनी विचारलं.

"तीन वेळा."

"तसं नव्हे हो. डोस किती?"

कुमुदला क्षणभर प्रश्नच कळला नाही. "दीड मिली," ती म्हणाली.

"दीडच?" सयाजीराव खुर्चीत पुढे सरकले. "आवं, आमचा डॉक्टर तीन घालतोय की! म्हणून तर आमचं पोरगं सहा म्हैनं झालं, उठंना झालंय."

"आमच्याकडे दोन," टोकाकडून कोणीतरी म्हणालं.

"आणि तुमचा एकोणीस दिवसांत उठला? पहिल्या वर्षी?" मैथिलीबाईंनी वही उघडली. "औषध थंड देता की खोलीच्या तापमानाला?"

मग जो तो बोलू लागला. इतकी वर्षं एकमेकांपासून चोरून ठेवलेलं दुखणं एकदाचं उघड झाल्यावर माणसं जशी मोकळी होतात, तसे ते आठ जण मोकळे झाले. कोणाचा डॉक्टर आडदांड होता, कोणाच्या खेळाडूला ताप आला होता. सगळ्यांना खेळाडूंची काळजी होती, हे मान्यच करायला हवं. कुमुद मध्येच उभी होती आणि तिच्या हातातले तक्ते हातातच राहिले होते.

"पण बंदी," ती म्हणाली. "मी बंदी मागायला आले आहे."

मैथिलीबाईंनी चष्मा काढला. त्या अगदी मायेने बोलल्या. "डॉक्टर, तुमचा हेतू चांगला आहे. पण बंदी पाळायची कोणी? आम्हीच ना? आम्ही एकमेकांना ओळखतो हो. बंदी घातली, तर हे सगळं पुन्हा अंधारात जाईल आणि पुन्हा कोणीतरी तीन मिली घालेल. त्यापेक्षा मर्यादा ठरवू. दीडच्या वर नाही, आणि तुम्ही तयार केलेल्या हातानेच."

ठराव तिथल्या तिथे लिहिला गेला. 'पारखपूर्व तयारीची नियमावली.' बाकीच्या सात संघांच्या डॉक्टरांना प्रशिक्षण देण्यासाठी डॉ. कुमुद लांजेवार यांची नेमणूक. लीगच्या सात वर्षांत एकमताने मंजूर झालेला हा पहिलाच ठराव होता.

बैठकीनंतर बापूसाहेबांनी तिला चहाला थांबवलं. ते रागावलेले नव्हते. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"मला आधी सांगितलं असतं तर मीच घेऊन आलो असतो ना तुला," ते म्हणाले. "चांगलंच केलंस. अख्ख्या लीगमध्ये आपली डॉक्टर एक नंबर, हे आज सगळ्यांना कळलं."

"बापूसाहेब, ही चोरी आहे."

"कोणाची? आम्ही आठ जण एकमेकांचीच चोरी करून राहिलो, आणि ते आठही जणांना माहीत आहे. मग ती चोरी कशी? तो खेळच झाला. हे बघ, आम्ही एकमेकांचे हात बांधले ते भरवसा नाही म्हणून. पण गाठ प्रत्येकाने अशीच मारली, की आपली आपल्याला सोडता यावी. कायमचे हात बांधून घ्यायला कोण येईल?"

"आणि गुडघा कोणाचा जातो?"

बापूसाहेबांनी कप खाली ठेवला आणि खरोखर विचार केला. "त्याच्या घरात बहीण डॉक्टर होऊन राहिली ना, कुमुद," ते म्हणाले. "मी नसतो, तर झाली असती का?"

ते मनापासून बोलत होते.

तिने एका वर्तमानपत्रालाही गाठलं. बातमी नवव्या पानावर आली, 'खेळाडूंसाठी वैद्यकीय नियमावली' अशा मथळ्याखाली. वकिलाने सांगितलं, खेळाडूची लेखी संमती आहे, काही होणार नाही. राजीनामा द्यावा तर आठ आडदांड हात आठ गुडघ्यांत आपापल्या मनाने सुया खुपसणार. तिने प्रशिक्षण दिलं. सात डॉक्टरांना तिने बकऱ्याच्या गुडघ्यांवर सुई धरायला शिकवली, आणि त्या आठवड्यात तिला जेवण गेलं नाही.

दुर्वेशला बैठकीची हकिकत संघातल्या कोणाकडून तरी समजली. तो तिच्या खोलीत आला तो दार न वाजवता.

"काहून गेल्या तुम्ही तिथं? कोणाले विचारून गेल्या?"

"तुझ्यासाठी गेले."

"माझ्यासाठी?" त्याचा आवाज चढला. असा तो तिच्याशी कधीच बोलला नव्हता. "पपई बंद झाली असती तर साहेबाले मी परवडलो असतो का? सोडलं असतं मले. मग ऋजुताचं काय? तिची जागा तुम्ही देणार होत्या?"

"दुर्वेश, गुडघा जाईल रे."

"माझा जाईल ना! बाबाचे दोन्ही फुप्फुसं गेले त्या मिलमधी. त्याच्यासाठी कोणी पुण्याला गेलं नाही." तो दारापर्यंत गेला आणि थांबला. "तुमच्या मनाले बरं वाटावं म्हणून गेल्या तुम्ही. माझं नाव सांगू नका."

त्यानंतर पाच महिने तो तिच्याशी कामापुरतंच बोलला. तिला ते फार लागलं. त्याचं बोलणं अर्धं खरं होतं, म्हणून जास्तच लागलं. पण त्या पाच महिन्यांत तिने त्याच्यावरून नजर हटवली नाही. फेब्रुवारीत तो पुन्हा डाव्या पायावर सरळ उतरू लागला. मार्चमध्ये त्याने एका सामन्यात एकतीस गुण केले. उतरताना भार बदलत नव्हता. कुमुदने सामन्याची चित्रफीत पन्नास वेळा बघितली. गुडघा उठला होता. उशिरा का होईना, उठला होता.

तेव्हा तिच्या मनात तो विचार आला, आणि एकदा आल्यावर जाईना.

जूनमध्ये सुई ती भरणार होती. नियमावली तिचीच, औषधाची पेटी तिच्याच ताब्यात. सुईत पपईऐवजी मिठाचं साधं पाणी भरलं तर? पारखेला खरा गुडघा दिसेल. अठ्ठ्याऐंशी नाही आले तरी ऐंशी येतील. पंच्याहत्तर आले तरी पुरे. एकदा आकडा नोंदला गेला, की तो बदलायचा अधिकार मालकांनाही नव्हता. एवढी एक गोष्ट आठल्यांनी पक्की करून ठेवली होती. ऐंशी गुणांचा खेळाडू बापूसाहेबांना त्यांच्या मर्यादेत ठेवता येणार नाही, सोडावाच लागेल. मग ज्याला हवा तो त्याला घेईल, उजेडात, पुऱ्या पगारावर. त्या पगारात दुर्वेश बहिणीची फी स्वतः भरेल. कोणाच्या मेहेरबानीची गरज नाही. तो चार दिवस रागावेल, मग त्याच्या लक्षात येईल. आपली नोकरी जाईल, ती गेली तर गेली.

तिने कोणालाही सांगितलं नाही, त्यालाही नाही. त्याला सांगितलं असतं तर तो नको म्हणाला असता.

पारखेच्या दोन दिवस आधी तिने दीड मिली मिठाचं पाणी त्याच्या गुडघ्यात सोडलं. दुर्वेश भिंतीकडे बघत होता. सुई काढताना तो आपणहून म्हणाला, "ऋजुता विचारत होती तुमाले. सुट्टीत येणार आहे." पाच महिन्यांतलं हे पहिलं जास्तीचं वाक्य. कुमुदने मान वळवली, कारण डोळे भरून आले होते.

पारखेच्या दिवशी स्टेडियमच्या मागच्या दालनात पाट मांडला होता. लीगचे दोन अधिकारी, बापूसाहेब आणि कुमुद. दुर्वेशच्या गुडघ्याला पट्टी गुंडाळली. तो उड्या मारू लागला. दहा. वीस. इतकी आशा कुमुदने आजवर कुठल्याच सामन्यात धरली नव्हती. चाळिसावी उडी झाली. पडद्यावर आकडा यायला अर्धं मिनिट लागतं.

एकेचाळीस.

कुमुदने पडदा पुन्हा वाचला. अधिकाऱ्याने आकडा मोठ्याने उच्चारला, नोंदला आणि सहीसाठी कागद पुढे केला. गेल्या वर्षी पपई घालून त्रेचाळीस आले होते.

"वा!" बापूसाहेब तिच्या पाठीवर थाप मारत म्हणाले. "हात बसला आता तुझा. इतकं नेमकं काम अख्ख्या लीगमध्ये कोणाचं नाही." ते अधिकाऱ्यांना घेऊन नाश्त्याला गेले.

दुर्वेश पाटावरच बसून बूट सोडत होता. तो खुशीत होता. "या वेळी जडच वाटलं नाही ताई. औषध बदललं का? किती दिवस लागतील आता?"

ती त्याच्या समोर खाली बसली. तिला सांगायचं नव्हतं, पण दुसरं काही सुचत नव्हतं.

"औषध नव्हतंच, दुर्वेश. मिठाचं पाणी होतं."

त्याने पडद्याकडे बघितलं. आकडा अजून तिथेच होता.

"म्हणजे हे एकेचाळीस माझेच आहेत?"

"हो."

"पण मी तर फेब्रुवारीपासून..." तो खाली बघून म्हणाला, "दुखण्याच्या गोळ्या घेऊन राहिलो होतो. सामन्याच्या आधी दोन, मधी एक. तुमाले दिसू नये म्हणून उतरायची प्रॅक्टिस केली होती आरशासमोर."

कुमुदला रडू फुटलं. इतक्या वर्षांत ती खेळाडूसमोर कधी रडली नव्हती. दुर्वेशने तिला रडू दिलं. त्याने पट्टी सोडवली, नीट गुंडाळली आणि पाटावर ठेवली.

"साहेबाले माहीत आहे का? मिठाच्या पाण्याचं?"

"नाही."

"मग सांगू नका. त्याईले वाटू द्या पपईच आहे, उठेल महिन्याभरात म्हणून. खरं कळलं तर आजच सोडतील मले." तो हिशोब करत असावा, कारण ओठ हलत होते. "ऋजुताचे अडीच वर्षं राहिले. गोळ्या तुम्ही लिहून द्या, मेडिकलवाला आता कुरकुर करते. तेवढे अडीच वर्षं निघतील ना ताई?"

बाहेरून बापूसाहेबांच्या हाका ऐकू येत होत्या. पोहे थंड होऊन राहिले म्हणून ते दोघांना बोलावत होते. कुमुदने त्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यात एक हंगामही धड उरलेला नव्हता, हे कळायला यंत्र लागत नव्हतं.

"निघतील," ती म्हणाली.

"बस मग," म्हणत दुर्वेश उठला, तोंडावर हसू आणलं आणि न लंगडता बाहेर गेला.